अनुभव धागा: रंग उजळायला घेतलेल्या गोळ्या आणि लावलेल्या ट्यूबा

काल भाचीचं पार्सल माझ्या हातात पडलं. मे महिन्यात लग्न आहे तिचं. आत ग्लुटाथायोनच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या, व्हिटॅमिन सीचं सीरम आणि खोकं नसलेली एक पांढरी ट्यूब. "पार्लरवालीने दिली मावशी, चार दिवसांत फरक पडतो म्हणाली." ते चार दिवस ऐकले आणि पोटात गोळा आला माझ्या.

२००९ साल. देवगडला मला बघायला येणार होते. शेजारच्या वहिनींनी मायेने एक ट्यूब आणून दिली. आठवड्यात चेहरा असा उजळला की आईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. पाच महिने लावली. बंद केली की तिसऱ्या दिवशी चेहरा लालबुंद, नुसती आग, म्हणून पुन्हा लावायची. मग हनुवटीवर लव आली, गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या. रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब माझ्याच हातात देऊन मागचं मोठ्याने वाचायला लावलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. शेवटचं स्टेरॉइड. डॉक्टरांनी दिलं तर मोजके आठवडे लावायचं औषध, आणि मी ते पावडरीसारखं रोज थापत होते. सावरायला दीड वर्ष गेलं.

तुम्ही काय घेतलंत, काय लावलंत, काय झालं ते लिहा. भाचीला वाचून दाखवणार आहे.

मालवणचो: बाये, वाचून जीव कळवळलो. माझ्या चेडवाक पण कोणीतरी तसलीच ट्यूब दिल्यान हा. आता उठान बघतंय मागे काय लिवलला हा ता.

हर्णै बंदर: आमच्या आईचं सांगते. तीस वर्षं बंदरावर लिलावाला उभी, दोन्ही गालांवर वांग. डॉक्टरांनी पोटात घ्यायला ट्रॅनेक्झामिक ॲसिड दिलं, मुळात रक्तस्राव थांबवायचं औषध, २५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. त्याआधी पायात कधी गुठळी झाली होती का, घरात कुणाला पॅरालिसिस, हार्टचं काही, सगळं खोदून विचारलं. म्हणून सांगते, ही गोळी शेजारणीचं बघून घेऊ नका. रात्री मलम आणि दिवसा रंगीत सनस्क्रीन, आयर्न ऑक्साइडवालं. वांगाला नुसतं ऊन नाही तर डोळ्यांना दिसणारा उजेडही वाढवतो, साधं सनस्क्रीन तो नीट अडवत नाही. खरी गंमत पुढे. जून-जुलैत मासेमारी बंद, आई घरात, गाल निवळले. नारळी पौर्णिमा झाली, बंदर गजबजलं, सनस्क्रीन लावायला वेळ नाही, दिवाळीपर्यंत वांग परत जागच्या जागी. गोळी तीच, मलम तेच. तेव्हा पटलं आईला. आता डोक्यावर टोपली नसली तरी पदर असतो आणि पिशवीत ट्यूब.

गुहागरकर: हर्णैची सुरमई काय भावाने चालली आहे सध्या? रविवारी पाहुणे आहेत.

हर्णै बंदर: सकाळी आईला विचारून सांगते दादा.

लांजा काजू: आमच्याकडे वेगळंच. लहानपणी काजूच्या बियांचा डीक उडून मनगट भाजलं, त्याचा काळा डाग. आंब्याचा चीक ओठाशी लागला त्याचाही. कोणीतरी लिंबू चोळायला सांगितलं, चोळलं आणि उन्हात बागेत गेलो. फोड आले, डाग होता त्याच्या दुप्पट झाला. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की कातडी भाजते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पोरांना सांगून ठेवा, सुट्टीचे दिवस येतायत.

मुलाची आई, चिपळूण: मुलाची मान काळी पडली होती. मी डाळीचं पीठ आणि दही लावून घासायचे, तो रडायचा. शाळेच्या तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी मान बघितली आणि म्हणाले, हा मळ नाही, साखर तपासा. इन्सुलिन नीट काम करत नसलं की मान आणि काखा अशा काळ्या मखमली होतात म्हणे. बेकरीचं बंद केलं, वजन उतरलं, मान आपोआप निवळतेय. इतके महिने लेकराला घासलं, आठवलं की डोळ्यात पाणी येतं.

देवगडची माहेरवाशीण (धागाकर्ती): ताई, तुम्ही मायेनेच घासलंत. वेळेत कळलं हे मोठं.

मेडिकलवाला, रत्नागिरी: काउंटरवरून लिहितोय, थोडक्यात. पोटात घ्यायच्या ग्लुटाथायोनवर झालेले अभ्यास लहान आणि थोड्या दिवसांचे आहेत, त्यावर महिन्याला हजारो घालवू नका. त्याच नावाच्या इंजेक्शनच्या वाटेला तर जाऊच नका. क्रीममधलं नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी ३चा प्रकार) बहुतेकांना सोसतं. रेटिनॉलवालं (व्हिटॅमिन एचा प्रकार) काही असेल तर दिवस राहिले असताना किंवा राहावेत असं वाटत असताना नको. लेबल नसलेल्या क्रीममध्ये पारा असू शकतो, तो किडनीला जातो. आणि कातडीचा वरचा थर बदलायलाच साधारण महिना लागतो, त्यामुळे चार दिवसांत उजळलं तर आनंद नको, संशय घ्या. गिऱ्हाईक आलं.

वेंगुर्ल्याची: माझं व्हिटॅमिन सी सीरम मेमध्ये चहासारखं लाल झालं. फ्रिजमध्ये ठेवलं तर लाइट दोन दिवस गेलेली. रंग बदलला की टाकून द्यावं, नाही का? आणि केसांसाठी बायोटिन घेत होते, तर थायरॉइडचा रिपोर्ट भलताच आला. डॉक्टरांनी ते बंद करायला लावून पुन्हा रक्त काढलं, सगळं नॉर्मल. तपासणीला जाताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्या सांगा बायांनो.

मेडिकलवाला, रत्नागिरी: हो ताई, टाकून द्या. लहान बाटली घ्यायची.

मालवणचो: बघितलंय. मोमेटासोन लिवलला हा. सहा महिने लावता हा ती. एकदम बंद करूची की काय?

देवगडची माहेरवाशीण (धागाकर्ती): दादा, मनाने काही करू नका. एकदम सोडल्यावर माझी आग आग झाली होती. उद्याच तिला डॉक्टरांना दाखवा. ट्यूब सोबत न्या. आणि तिला रागावू नका.

भाचीने सगळं वाचलं. तिच्या पांढऱ्या ट्यूबवर काहीच छापलेलं नाही, तिने स्वतःच ती कागदात गुंडाळून ठेवली. शुक्रवारी रत्नागिरीला जातोय दोघी.

हर्णै बंदर: जाताना चेहऱ्याला पावडर, क्रीम काही लावून जाऊ नका. आईला परत धुवून यायला लावलं होतं. आणि गुहागरकर दादा, आज सुरमई नाही, पापलेट आहे.