शब्दचर्चा: 'नास्तिक' की 'देव न मानणारा'?

गेल्या महिन्यात आत्याकडे सत्यनारायण होता. शिरा वाढता वाढता शेजारच्या काकूंनी सहज विचारलं, "तू नास्तिक आहेस का रे?" मी "हो" म्हणालो आणि आत्याचा चेहरा पडला. नंतर आत बोलावून म्हणाली, "तू देव मानत नाहीस हे मला काय माहीत नाही? पण चारचौघांत नास्तिक कशाला म्हणवून घ्यायचं!"

मला दोन्ही एकच वाटत होतं. तिच्या लेखी पहिली गोष्ट घरातली होती आणि दुसरी डाग लागल्यासारखी. मग आठवलं, आजोबांनी जन्मात कधी पूजा केली नाही, पण आजी त्यांना कधी नास्तिक म्हणाली नाही. "ह्यांचं देवाधर्माचं काही नसतं" एवढंच म्हणायची.

या शब्दात असं काय आहे? आणि इथले देव न मानणारे स्वतःला काय म्हणवतात?

प्रतिसाद:
शब्दाच्या जन्मात देव नाहीच. पाणिनीचं सूत्र आहे, 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' (4.4.60). 'आहे' अशी ज्याची मती तो आस्तिक, 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक. काय आहे किंवा नाही? टीकाकार सांगतात, परलोक. मनुस्मृतीत (2.11) व्याख्या बदलते: 'नास्तिको वेदनिन्दकः'. वेदांची निंदा करणारा तो नास्तिक, आणि साधूंनी त्याला बाहेर काढावं असंही तिथेच म्हटलंय. म्हणून ईश्वराला जगाचा कर्ता न मानणारे मीमांसक आणि निरीश्वर सांख्य आस्तिक दर्शनांत बसतात, तर जैन, बौद्ध आणि चार्वाक नास्तिक ठरतात. आत्याबाईंना जो डाग दिसला तो या दुसऱ्या व्याख्येतून आलाय असं मला वाटतं. हा शब्द मत सांगण्यासाठी कमी आणि पंक्तीतून उठवण्यासाठी जास्त वापरला गेला.

प्रतिसाद:
म्हणूनच मी 'निरीश्वरवादी' म्हणते. अर्थ नेमका आहे. अडचण एकच, बोलताना तो तोंडात बसत नाही. रिक्षात कुणी विचारलं तर 'मी निरीश्वरवादी आहे' हे व्याख्यान सुरू केल्यासारखं वाटतं.

'अश्रद्ध' मात्र मला मुळीच चालत नाही. माझी माणसांवर श्रद्धा आहे, कामावर आहे. देव नाही म्हटलं की सगळी श्रद्धाच संपली, हे कुणी ठरवलं?

प्रतिसाद:
मी बरीच वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे. गावात कार्यक्रमाला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "तुम्ही नास्तिक ना?" हो म्हटलं की पुढचं कुणी ऐकत नाही. दाभोलकर सरांची भूमिका स्पष्ट होती. देवाधर्माला विरोध नाही, त्यांच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे. समितीत देव मानणारेही काम करतात. त्यामुळे आमच्यात 'विवेकवादी' रुळला. सरांचा 2013 साली पुण्यात खून झाला, त्यानंतर तर हा शब्द आम्ही जिवापाड जपतो.

प्रतिसाद:
तुमच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे, पण 'विवेकवादी' हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे. विवेकवादी, बुद्धिप्रामाण्यवादी हे शब्द माणूस विचार कसा करतो ते सांगतात. कुठे पोचला ते सांगत नाहीत. आगरकर बुद्धिप्रामाण्यवादी, र. धों. कर्वे बुद्धिवादी, हे बरोबरच आहे. पण 'देव आहे का?' या प्रश्नाला 'मी विवेकवादी' म्हणणं म्हणजे 'जेवलास का?' या प्रश्नाला 'मी शाकाहारी' म्हणण्यासारखं होतं.

मी स्वतःला नास्तिकच म्हणवते. भगतसिंगांनी 1930 साली लाहोरच्या तुरुंगात, फाशी समोर असताना, आपण नास्तिक का आहोत ते लिहून ठेवलं. आंध्रात गोरा (गोपराजू रामचंद्र राव) यांनी 1940 साली संस्था काढली, तिचं नावच नास्तिक केंद्र. गांधीजींशी बोलतानाही त्यांनी तो शब्द सोडला नाही. जो शब्द आपल्याला हाकलायला वापरला तोच दारावर लावायचा, यात मला मोठं बळ वाटतं. शब्दांची पत बदलते. अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, आणि सगळ्या पासंडांचा आदर करा असं तो सांगतो. त्याचंच पुढे 'पाखंड' झालं. घसरण होऊ शकते तर चढणही होऊ शकेल.

प्रतिसाद:
सरकारी रकान्यांचा मुद्दा राहिला. 2011 च्या जनगणनेत स्वतःहून नास्तिक अशी नोंद करणारे देशभरात जेमतेम 33 हजार निघाले. देव न मानणारे इतके थोडे असतील हे मला पटत नाही. शब्द लिहायला हात धजावत नाही, हे खरं कारण असावं. शिवाय तो रकाना धर्माचा, देवाचा नव्हेच. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की 'मला कोणताही धर्म नाही' असं म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. गंमत अशी, की ते याचिकाकर्ते येशूला मानणारे होते. फक्त ख्रिस्ती किंवा आणखी कुठल्या धर्माचे म्हणवून घ्यायला तयार नव्हते. म्हणजे निधर्मी, पण नास्तिक नाहीत. आणि गणपती बसवणारे, सगळे सण करणारे, पण देव नाही अशी खात्री असलेले माझ्या ओळखीत कितीतरी आहेत. ते नास्तिक, पण निधर्मी नाहीत.

घटनेनं शपथेच्या जागी दिलेला 'गांभीर्यपूर्वक दृढकथन' हा पर्याय मला फार आवडतो. त्यात देवाला नकार नाही की कुणाला टोचणी नाही.

प्रतिसाद:
सगळे नामांवर बोलताहेत, मला क्रियापदाबद्दल सांगायचंय. मराठीत 'मानणे'चे दोन अर्थ एकमेकांत मिसळलेत. 'मी भूत मानत नाही' म्हणजे भूत असतं हे मला पटत नाही. 'तो बापाला मानत नाही' म्हणजे बाप आहे, पण हा त्याला किंमत देत नाही. फरक त्या 'ला'मध्ये आहे. ज्याला मानायचं नाही, तो आहे हे 'ला' लावताना धरलेलंच असतं.

आता 'मी देव मानत नाही' आणि 'मी देवाला मानत नाही' शेजारी ठेवून पाहा. आपण पहिलं बोलतो आणि ऐकणारा दुसरं ऐकतो. देव आहे, आणि हा उर्मट त्याला जुमानत नाही! भाविक माणसाला राग येतो तो यामुळे. आमच्या आईशी याच एका वाक्यावरून माझे वर्षानुवर्षं खटके उडाले. शेवटी एकदा मी म्हटलं, "आई, देव आहे असं मला वाटत नाही." ती गप्प झाली. मग म्हणाली, "मला वाटतं." त्या विषयावर आम्ही पहिल्यांदाच भांडलो नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
या 'ला'कडे माझं कधीच लक्ष गेलं नव्हतं. आत्याला काल फोन केला आणि हेच वाक्य म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "तुझे आजोबाही असंच म्हणायचे. 'मला नाही वाटत बुवा' म्हणायचे." हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

नास्तिक हा शब्द मी टाकणार नाही. वरच्या ताईंचं म्हणणं मला पटलंय, लिहिताना आणि रकान्यात तोच लिहीन. घरात मात्र आजोबांचं वाक्य.

एक शंका उरली आहे. 'देव मानणे' हा प्रयोग जुन्या मराठीत, संतांच्या ओव्या-अभंगांत कुणी 'ला'शिवाय पाहिलाय का?