मदत हवी आहे: पेशंटची हिस्ट्री घेताना माझे प्रश्न पोचतच नाहीत, प्रॅक्टिकल जवळ आलीय

नमस्कार मंडळी, मी एमबीबीएस फायनल इयरला आहे, कॉलेज पश्चिम महाराष्ट्रातलं सरकारी, मी स्वतः ठाण्याचा, शाळा इंग्लिश मिडियमची पण घरी मराठीच बोलतो, त्यामुळे भाषेची अडचण येईल असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. दोन महिन्यांवर प्रॅक्टिकल आहे आणि मेडिसिनच्या लाँग केसची (एका पेशंटची सगळी हिस्ट्री घेऊन, तपासून परीक्षकांना सांगायची) मला आत्तापासून धास्ती बसलीय. थिअरी बरी आहे हो, विचाराल ते सांगेन, पण पेशंटच्या कॉटजवळ स्टूल ओढून बसलो की सगळं विस्कटतं.

गेल्या आठवड्यातलं सांगतो म्हणजे कळेल. फिमेल वॉर्डमध्ये साधारण चाळिशीच्या एक मावशी होत्या, मी विचारलं काय त्रास होतोय, त्या म्हणाल्या "दम लागतोय", मी लगेच पुढचा प्रश्न, किती दिवसांपासून, त्या म्हणाल्या "लई दिस झालं", मी म्हटलं नक्की किती, तर म्हणाल्या "आता कसं सांगू". मग मी पाठ केलेली यादी सुरू केली, जिना चढताना लागतो का, न्हाई, झोपताना किती उशा घेता, एक बी न्हाई, तंबाखू खाता का, न्हाई, आधी काही मोठा आजार, न्हाई, गोळ्या चालू आहेत का, न्हाई. वीस मिनिटांत माझ्या वहीत फक्त नाही नाही नाही. छाती तपासताना तर मला इतकं अवघडल्यासारखं झालं (मी मुलगा, पडदा नाही, बाजूच्या कॉटवरच्या बायका बघतायत) की मी ब्लाऊजवरूनच स्टेथो लावला, मावशी उताण्या झोपलेल्या, मला काही वेगळं ऐकू आलं नाही आणि मी लिहून टाकलं मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज) नाही.

सर आले, शेजारी बसले आणि म्हणाले, "मावशी, हापशावरनं घागर भरून घरी येईस्तोवर कितीदा टेकायला लागतं?" आणि त्या बाई बोलायलाच लागल्या!! मागच्या दिवाळीपर्यंत एका दमात यायच्या, आता तीनदा टेकायला लागतं, आखितीपासून भांगलायला जाणं बंद केलंय, रात्री मधेच गुदमरून जाग येते मग दारात जाऊन बसतात, एकदा खोकल्यातून रक्तही पडलं होतं. घर साधं पत्र्याचं, जिना चढायचा प्रश्नच नाही, आणि झोपतात जमिनीवर वाकळ टाकून, मग उशा कुठून येणार? सरांनी सिस्टरना बोलावलं, पातळ चादर घेतली, मावशींना डाव्या कुशीवर वळवलं, तपासलं आणि मग मला ऐकायला लावलं. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाची एक झडप अरुंद झालेली. दुसऱ्या दिवशी टूडी एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) तेच आलं. सर मला काही बोलले नाहीत पण रात्रभर मला झोप लागली नाही, मार्कांचं सोडा, उद्या मी कुठेतरी पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) एकटा असेन, तिथे कोण सर येणार आहेत स्टूल ओढून.

शब्दांचा गोंधळ तर वेगळाच. गायनॅकच्या पोस्टिंगला एक बाई म्हणाल्या अंगावरून जातंय, ते रक्त की पांढरं हे मला विचारावं लागलं आणि त्या इतक्या लाजल्या की पुढे बोलेनात. नंतर मेडिसिनला एका आजोबांचा मुलगा म्हणाला "बाबांच्या अंगावरनं वारं गेलंय" तेव्हा ते लकव्याबद्दल सांगतायत हे कळायला मला वेळ लागला. परवा एकजण म्हणाले दुखणं अंगावर काढलं, तर मला वाटलं अंगावर पुरळ वगैरे उठलं असेल.

तर माझे प्रश्न: असे शब्द कुठून शिकायचे, कालावधी कसा काढायचा, सगळ्याला नाही म्हणणाऱ्या पेशंटकडून खरं कसं काढायचं, आणि बायकांना तपासताना त्यांना आणि मला दोघांनाही अवघडणार नाही असं काय करायचं. कुणीही अनुभवाचं सांगा, मी वाट बघतोय.

प्रतिसाद, मेडिसिनची रेसिडेंट:
आधी दीर्घ श्वास घे, सेकंड इयरला माझंही अगदी हेच व्हायचं. तुझी गडबड यादीत नाहीये, यादी तू फार लवकर सुरू करतोस त्यात आहे. अमेरिकेत १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेलनी ७४ भेटी रेकॉर्ड करून बघितल्या होत्या, डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडत होते. तू तर पहिल्याच दोन शब्दांवर तोडलंस. "दम लागतोय" म्हटल्यावर "म्हणजे कसं होतं, सांगा की" एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं, खरंच गप्प, वही बंद ठेवून. आणि यात वेळ फुकट जातो असं समजू नकोस, १९७५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हॅम्पटन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला होता, ८० नव्या ओपीडी पेशंटपैकी ६६ जणांचं निदान पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि हिस्ट्रीवरच झालं होतं, तपासणीने फरक पडला तो ७ जणांत, आणि लॅबने आणखी ७. तेव्हा एको, सीटी आजच्यासारखे नव्हते हे खरं, पण आपल्या वॉर्डात रात्री दोन वाजता काय वेगळं असतं?

मर्मरचं सांगते. मायट्रल स्टेनोसिसचा मर्मर खालच्या सुरातला असतो, तो बेलने (स्टेथोच्या वाटीसारख्या बाजूने) ऐकायचा आणि बेल अगदी हलका टेकवायचा, दाबलास की खालची कातडी ताणून डायफ्रामसारखी (स्टेथोच्या चपट्या पडद्यासारखी) होते आणि नेमका तोच आवाज जातो. डाव्या कुशीवर वळव, एपेक्स (हृदयाच्या टोकाचा ठोका लागतो ती जागा) बोटाने शोध, श्वास सोडून धरायला सांग, तरी नाही आला तर चार वेळा उठबस करायला लाव (पेशंटला झेपत असेल तरच) आणि मग ऐक. पहिला आवाज ठणठणीत मोठा लागला की समजायचं काहीतरी आहे, थांब तिथे. नाडी अनियमित असेल तर एकाने छातीवर आणि एकाने मनगटावर एकाच वेळी पूर्ण मिनिट मोजायचं, दोन्ही आकड्यांत फरक येतो. ब्लाऊजवरून यातलं काहीही ऐकू येत नाही, कपड्याचाच खरखर आवाज येतो.

आणि अवघडण्याबद्दल, स्टेथोस्कोप निघाला तोच मुळी या अवघडण्यातून. १८१६ मध्ये पॅरिसला लायनेकसमोर हृदयाचा त्रास असलेली एक तरुण मुलगी होती, छातीला थेट कान लावणं त्याला बरं वाटेना म्हणून त्याने कागदाची गुंडाळी करून एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, आणि कान लावून ऐकायचा त्यापेक्षा स्पष्ट ऐकू आलं त्याला. तो अवघडला होता, पण म्हणून त्याने ऐकायचं सोडलं नाही.

प्रतिसाद, तालुक्याच्या गावातला जीपी:
डॉक्टर, ३२ वर्षं प्रॅक्टिस झाली माझी. कालावधी तारखेत विचारायचाच नाही. पंचमीच्या आधी की नंतर, ऊसतोड चालू होती का, पोरीचं लग्न झालं तेव्हा होतं का, धाकटा पोटात होता का, असं विचारा, बरोबर महिना निघतो. त्या बाईंनी तुम्हाला दिवाळी आणि आखिती आपणहून सांगितली बघा.

आता नाही म्हणण्याचं. तंबाखू खाता का म्हटलं की बाई नाहीच म्हणणार, कारण ती खातच नाही, ती मिश्री लावते! दिवसातून चारदा. तेव्हा मिश्री लावता का असंच विचारायचं. बीपी आहे का विचारलं तर म्हणतात "होता, आता न्हाई", म्हणजे गोळीने नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली. गोळ्या चालू आहेत का असं न विचारता "घरात औषधांची पिशवी असेल ती आणायला सांगा" म्हणा, त्या पिशवीत निम्मी हिस्ट्री असते. टीबी झाला होता का हे तर चारचौघांत कुणीच कबूल करत नाही, सासरी कळेल ही भीती असते, मी विचारतो "सहा महिने गोळ्या खाल्ल्या होत्या का कधी, लघवी लाल व्हायची अशा?" मग मान हलते. तुमच्या त्या मावशींना विचारलंत का, लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का, गुडघा बरा झाला की घोटा धरायचा असं? आणि दर २१ दिवसांनी कमरेत इंजेक्शन घ्यायला कुणी सांगितलं होतं का? त्या तापानेच पुढे झडप अरुंद होते, आणि तो परत येऊ नये म्हणून ती इंजेक्शनं असतात.

बोटाने वाजवून बघायचं जमत नसेल तर माठ आठवा. विकत घेताना टिचकी मारून बघतो ना आपण, चिरलेला लगेच कळतो. तसंच छातीवर, आधी चांगल्या बाजूला वाजवा, तो आवाज कानात बसू द्या, मग दुसरी बाजू. पाणी झालेलं असेल तर दगडावर वाजवल्यासारखं लागतं.

प्रतिसाद, निवृत्त सिस्टर:
बाळा, मी किती बॅचेस बघितल्या त्याची गणतीच नाही. आमच्याकडे सिस्टर मागायला लाजू नकोस, आम्ही कामात असलो तर पेशंटची आई, जाऊ, कुणीही बाई जवळ उभी कर. आधी सांगायचं मी काय करणार आहे, "मावशी, छातीचे ठोके ऐकायचेत, डाव्या अंगाला थोडा पदर बाजूला करायला लागेल, चालेल का", आणि त्या हो म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. मग त्यांना स्वतःला पदर सरकवू दे, वर चादर असू दे, जेवढं लागेल तेवढंच उघडायचं, झालं की तूच झाकायचं. थंडीत स्टेथो आधी तळहातावर चोळून गरम करायचा. हे केलंस ना तर बायका पुढच्या वेळी तुलाच हाक मारतील. आणि पायाची सूज बघताना जोडव्यांकडे बघ, घट्ट झाली का विचार, नडगीवर बोट दाबायच्या आधी त्या स्वतःच सांगतात कधीपासून निघत नाहीत ते. डोळ्यातली कावीळ ट्यूबलाइटखाली बघू नकोस, खिडकीकडे तोंड करायला सांग.

प्रतिसाद, मेडिकलशी काही संबंध नाही पण राहवलं नाही:
माझी आई मागच्या वर्षी ॲडमिट होती, दिवसाला सहा सहा विद्यार्थी यायचे, तेच प्रश्न. आई एकाच मुलीशी नीट बोलायची, कारण ती आल्यावर आधी विचारायची "आजी, जेवलात का, आत्ता बोलायला चालेल ना". बाकीच्यांना आई पटकन नाही नाही म्हणून मोकळी व्हायची, दमलेली असायची हो. दादा, तुमच्या मावशीही कदाचित त्यामुळेच नाही म्हणत असतील.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार, सिस्टर तुमचे तर विशेष. आज दुपारी जेवणं झाल्यावर परत गेलो, मावशी अजून ॲडमिट आहेत. आधी विचारलं बोलायला चालेल का, मग वही बंद ठेवून बसलो. लहानपणचं विचारलं तर म्हणाल्या पाचवीत असताना दोन महिने शाळा बुडाली होती, गुडघे सुजले होते, आई उचलून परसाकडं न्यायची, दवाखान्यात इंजेक्शनं सांगितली होती, वर्षभर घेतली, मग गावातनं जायला यष्टी मिळायची नाही म्हणून सोडली. हे मी गेल्या आठवड्यात "आधी मोठा आजार नाही" असं लिहिलं होतं. जोडवी पंचमीपासून निघत नाहीत. त्यांची जाऊ जवळ उभी होती, डाव्या कुशीवर बेल हलका ठेवून ऐकलं आणि सर नसताना पहिल्यांदा मला तो आवाज मिळाला, लांबून गाडी घरघरत जावी तसा.

शब्दांची वही आजपासून सुरू केलीय, पहिल्या पानावर अंगावरचे सगळे शब्द लिहिलेत. कोकणातले, विदर्भातले, मराठवाड्यातले कुणी असाल तर तुमच्याकडे धाप, चक्कर आणि पाळीच्या त्रासाला पेशंट काय म्हणतात ते इथे टाका प्लीज, इंटर्नशिपला कुठे पोस्टिंग लागेल सांगता येत नाही. आणि रेसिडेंट ताई, एक राहिलंच, आमच्या वॉर्डच्या कॉटचं डोकं वर होत नाही, मग मानेची शीर बघायला ४५ अंशांत पेशंटला टेकवायचं कशावर?