मदत हवी आहे : आय ५-२५०० साठी ओव्हरक्लॉक करता येईल असा मदरबोर्ड, पी ६७ घ्यावा की झेड ६८?

मोर्णाकाठ (अकोला), सकाळी ९.१०

नमस्कार. माझ्या डेस्कटॉपचा एच ६१ (हे चिपसेटचे, म्हणजे बोर्डावरील मुख्य नियंत्रक चिपचे नाव) मदरबोर्ड गेल्या आठवड्यात जळाला. प्रोसेसर आय ५-२५०० आहे आणि रॅम ८ जीबी डीडीआर ३ आहे. बोर्ड बदलायचाच आहे, तर या वेळी ओव्हरक्लॉक (म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे) करता येईल असाच घ्यावा, असे ठरवले आहे. येथील दुकानदाराकडे दोन जुने बोर्ड आहेत : पी ६७ तीन हजारांना आणि झेड ६८ साडेचार हजारांना. उद्या संध्याकाळपर्यंतच ते राखून ठेवीन, असे तो म्हणाला आहे. ओव्हरक्लॉकिंग दोन्हींवर होते, तर दीड हजार रुपये जास्त कशासाठी द्यावेत, एवढेच मला कळायला हवे. नवीन संगणक घ्या, असा सल्ला कृपया देऊ नये.

कळफलक, सकाळी ९.३२

आपला प्रोसेसर २५०० आहे की २५००के? नावाच्या शेवटी ‘के’ असेल तरच त्याचा गुणक (मूळ ठोक्याला ज्या आकड्याने गुणून वेग ठरतो तो) पूर्णपणे मोकळा असतो. दोन्ही प्रोसेसर जानेवारी २०११ मध्ये एकाच वेळी आले आणि दोन्हींचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झच आहे, त्यामुळे पुष्कळांना आपल्याकडे नक्की कोणता आहे हे ठाऊक नसते. हे कळल्याशिवाय बोर्डाविषयी बोलण्यात अर्थ नाही.

निळी शाई, सकाळी ९.५०

‘के’ नसेल तर ओव्हरक्लॉकिंगचा विचार सोडून द्यावा. एक मेगाहर्ट्झही वाढणार नाही. त्यापेक्षा एएमडीचा ९९०एफएक्स बोर्ड आणि एफएक्स-८३५० प्रोसेसर जुन्या बाजारात शोधावा. मी ती जोडी सहा वर्षे वापरली आहे. त्या मालिकेत सगळ्याच प्रोसेसरांचा गुणक मोकळा असतो.

रात्रपाळी, सकाळी १०.१५

निळी शाई, आपले पहिले विधान बरोबर नाही. सँडी ब्रिजच्या (इंटेलच्या या प्रोसेसर पिढीच्या) काळात ‘के’ नसलेल्या आय ५ लाही पी ६७ किंवा झेड ६८ बोर्डावर टर्बोच्या (प्रोसेसर स्वतःहून घेतो त्या वाढीव वेगाच्या) वर चार पायऱ्या चढता येत असत. २५०० चे चारही गाभे (कोर) कामात असताना टर्बो ३.४ पर्यंत जातो. तो अशा बोर्डावर ३.८ पर्यंत नेता येतो. लाभ थोडा आहे, पण शून्य नाही. आणि एएमडीचा बोर्ड सुचवण्याचा येथे काय उपयोग? मोर्णाकाठ यांच्याकडे असलेला प्रोसेसर ११५५ सॉकेटचा (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेचा) आहे. तो ९९०एफएक्स बोर्डावर बसणारच नाही.

निळी शाई, सकाळी १०.२८

चार पायऱ्यांची माहिती मला नव्हती, ती दुरुस्ती मान्य आहे. मात्र एवढ्याशा वाढीसाठी जुन्या बोर्डावर साडेचार हजार घालू नयेत, हे माझे मत कायम आहे.

मोर्णाकाठ, सकाळी ११.०५

मी प्रश्न बोर्डाविषयी विचारला आहे; प्रोसेसर आहे तोच राहणार आहे. हा संगणक थोरल्या भावाने २०११ मध्ये जोडून घेतला होता. त्याची पावती आणि खोकी आता नाहीत, आणि बोर्ड बंद असल्यामुळे पडद्यावर नाव पाहण्याची सोय नाही. कृपया दोन बोर्डांमधील फरक सांगावा, वेळ कमी आहे.

कळफलक, सकाळी ११.२०

नाव प्रोसेसरवरच कोरलेले असते. पंख्याच्या चारही खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढाव्यात, पंखा उचलावा आणि वाळलेली थर्मल पेस्ट मऊ कापडाने पुसावी. २५००के असेल तर नावाजवळ एसआर००८ असा संकेत दिसेल, साधा २५०० असेल तर एसआर००टी. ही पाच मिनिटांची बाब आहे.

दोन बोर्डांतील फरकाविषयीच विचारत आहात, तर मला आणखी तीन गोष्टी कळायला हव्यात. वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे का? पंखा प्रोसेसरबरोबर आलेलाच आहे की मोठा घेतला आहे? आणि संगणकावर आपण नक्की काय काम करता?

जुने सर्किट, सकाळी ११.४१

मी आणखी एक विचारतो : आधीचा बोर्ड जळाला म्हणजे नेमके काय झाले? मी बावीस वर्षे बोर्ड दुरुस्त करतो आहे. बोर्ड कशाने गेला हे न शोधता दुसरा बसवला, तर तोही त्याच वाटेने जाण्याची भीती असते.

मोर्णाकाठ, दुपारी १.३५

पंखा काढून पाहिले. २५००के आहे, संकेत एसआर००८ आहे. इतकी वर्षे हा प्रोसेसर एच ६१ वर होता आणि आम्हाला याची कल्पनाच नव्हती.

ग्राफिक्स कार्ड नाही. मॉनिटर थेट बोर्डाला जोडलेला होता. पंखा प्रोसेसरबरोबर आलेलाच आहे. पॉवर सप्लाय कॅबिनेटबरोबर मिळालेला ४५० वॉटचा आहे. प्रोसेसरच्या डाव्या बाजूला तीन चौकोनी कॉइल आहेत, त्यांच्या शेजारचा एक चपटा काळा भाग तडकला आहे आणि त्याखालचा बोर्ड तपकिरी झाला आहे.

काम म्हणाल, तर आमच्या गावच्या सप्ताहातील कीर्तनांचे चित्रण मी संकलित करतो. दोन तासांच्या एका कीर्तनाची अंतिम फाइल तयार व्हायला पाच तासांहून अधिक वेळ लागतो. वेग हवा आहे तो त्यासाठी. संगणकावर विंडोज ७ आहे आणि तो इंटरनेटला जोडलेला नसतो.

कळफलक, दुपारी १.५२

मग निर्णय झाला; पी ६७ घेऊ नये. पी ६७ चिपसेट प्रोसेसरमधील ग्राफिक्सला पडद्यापर्यंत वाट देत नाही, त्यामुळे वेगळे कार्ड घेतल्याशिवाय आपल्या मॉनिटरवर काहीही दिसणार नाही. वाचवलेले दीड हजार त्या कार्डावरच जातील.

दुसरे कारण आपल्या कामाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. आपल्या प्रोसेसरमधील एचडी ३००० ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची व्यवस्था आहे, जी चित्रफितीचे एन्कोडिंग (दाबून अंतिम फाइल बनवणे) स्वतंत्र परिपथातून करते. जानेवारी २०११ मध्ये ग्राहकापुढे मोठा पेच होता : पी ६७ घेतला तर ओव्हरक्लॉकिंग मिळे पण हे ग्राफिक्स बंद राही, आणि एच ६७ घेतला तर ग्राफिक्स मिळे पण प्रोसेसरचा गुणक वाढवता येत नसे. मे २०११ मध्ये झेड ६८ आला तेव्हा दोन्ही गोष्टी एका बोर्डावर मिळू लागल्या. मात्र काही झेड ६८ बोर्डांवरही डिस्प्लेचे पोर्ट दिलेले नव्हते, म्हणून मागची पट्टी डोळ्यांनी पाहूनच पैसे द्यावेत.

रात्रपाळी, दुपारी २.१०

पी ६७ विषयी एक पुस्ती जोडतो. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने त्या मालिकेच्या चिपसेटमध्ये दोष असल्याचे जाहीर केले होते; ३ गिगाबिटचे साटा पोर्ट (डिस्क जोडण्याच्या जागा) काळाच्या ओघात खराब होण्याचा संभव होता. दुरुस्त आवृत्तीला बी ३ म्हणतात. झेड ६८ नंतर आल्यामुळे त्यात ही अडचण नाही.

क्विक सिंकबाबत मात्र कळफलक यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. त्या पिढीच्या क्विक सिंकने केलेली फाइल तेवढ्याच बिटरेटला (चित्रफितीच्या दर सेकंदाला वापरलेल्या माहितीला) प्रोसेसरने केलेल्या फाइलपेक्षा कमी स्वच्छ दिसते. टाळकऱ्यांचे हात वेगाने हलतात तेथे चौकोन दिसू लागतात.

कळफलक, दुपारी २.२४

ते खरे आहे. म्हणून लोकांना पाठवायची प्रत क्विक सिंकने करावी आणि जपून ठेवायची प्रत प्रोसेसरने रात्रभर करावी. दोन्ही वाटा मोकळ्या राहाव्यात, यासाठीच झेड ६८ हवा.

जुने सर्किट, दुपारी ३.०५

आपण वर्णन केलेला तडकलेला भाग म्हणजे मॉसफेट आहे. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या साखळीतील तो एक दुवा. एच ६१ च्या स्वस्त बोर्डांवर अशा तीनच फेज (वीज पुरवणाऱ्या शाखा) असत आणि त्यांवर उष्णता काढणारी ॲल्युमिनियमची पट्टीही नसे. अकोल्याच्या मे महिन्यात खोलीतच चाळीस अंश असताना तो भाग किती तापत असेल याचा विचार करावा. दोष पॉवर सप्लायचाही असू शकतो, म्हणून तो मी नव्या बोर्डाला लावू देणार नाही. १२ व्होल्टच्या वाहिनीवर किती अँपिअर मिळतात हे स्पष्ट छापलेला चांगला सप्लाय आधी घ्यावा.

दुकानात प्रोसेसर आणि रॅम बरोबर न्यावी. सॉकेटवर विजेरीचा प्रकाश तिरपा पाडून पाहावे : सगळ्या पिनांची टोके एका रेषेत चमकली पाहिजेत. एखादा ठिपका अंधारा किंवा बाजूला सरकलेला दिसला, तर पिन वाकलेली आहे. तो बोर्ड फुकट मिळाला तरी घेऊ नये. प्रोसेसरभोवतीच्या कॉइल मोजाव्यात आणि मॉसफेटांवर पट्टी घट्ट बसली आहे का, हे बोटाने हलवून पाहावे. मग तेथेच चालू करून बायोसमध्ये (बोर्डाच्या प्राथमिक सेटिंगच्या पडद्यावर) रॅमच्या दोन्ही पट्ट्या दिसतात का, ते तपासावे.

निळी शाई, दुपारी ३.३०

इतका खर्च होणारच असेल तर एसएसडी आधी घ्यावी. माझा संगणक तिनेच वेगवान झाला.

रात्रपाळी, दुपारी ३.३८

एसएसडीने संगणक लवकर सुरू होईल, परंतु पाच तासांचे एन्कोडिंग डिस्कमुळे अडलेले नाही. ते प्रोसेसरमुळे अडलेले आहे.

मोर्णाकाठ, दुपारी ४.१५

झेड ६८ घेतो, आणि नवा पॉवर सप्लायही घेतो. आता वेग किती ठेवावा, हे सांगावे. काही जण पाच गिगाहर्ट्झपर्यंत नेतात, असे वाचले आहे.

कळफलक, दुपारी ४.४०

पाचचा विचार करू नये. बेस क्लॉक (गुणकाने गुणला जाणारा मूळ ठोका) १०० मेगाहर्ट्झवरच ठेवावा, कारण या पिढीत पीसीआय एक्स्प्रेस आणि साटा हे दोन्ही त्याच्याशी बांधलेले आहेत आणि तो थोडा जरी वाढवला तरी डिस्कवरील माहिती बिघडू शकते. फक्त गुणक वाढवावा, आणि प्रथम ४२ करून पाहावा. ३.४ वरून ४.२ म्हणजे वेग साधारण २३ टक्के वाढतो. पण व्होल्टेज १.२ वरून १.३ करावे लागले तर उष्णता सुमारे ४५ टक्के वाढते, कारण ती वेगाच्या आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढते. सोबतच्या पंख्यावर हे करू नये. १२० मिलिमीटर पंख्याचा उभा टॉवर कूलर घ्यावा. प्रोसेसर ९८ अंशांना स्वतःचा वेग कमी करू लागतो, परंतु आपण ८० च्या आत राहावे.

मोर्णाकाठ, तिसऱ्या दिवशी रात्री १०.२०

सर्वांचे मनापासून आभार. बोर्ड दुकानातच चालवून घेतला. विजेरीने पाहिले तेव्हा सॉकेटच्या पिना सरळ होत्या. पी ६७ च्या सॉकेटमध्ये मात्र एका कोपऱ्यातील दोन पिना आडव्या झालेल्या होत्या. कूलर बसवून गुणक ४२ केला आणि व्होल्टेज १.२८ वर स्थिर झाले. पूर्वी पाच तास दहा मिनिटे घेणारे कीर्तन आज सव्वाचार तासांत झाले, आणि तीच फाइल क्विक सिंकने पाऊण तासात झाली. रात्रपाळी म्हणाले तसे टाळांच्या जागी चौकोन दिसतात, पण फोनवर पाहणाऱ्याला ते जाणवत नाहीत. दुपारी दोन वाजता तापमान ८३ पर्यंत गेले होते, आत्ता ७४ आहे. हे चालेल का?

जुने सर्किट, रात्री १०.४५

रात्री चालेल. दुपारी काम असेल तर मृग लागेपर्यंत गुणक ४० वर ठेवावा आणि कॅबिनेटची डावी बाजू उघडी ठेवावी.