क्रिएटिनिन १.४ वर आहे, पण आईची किडनी पुढे किती साथ देईल?

मिरजेची_लेक:
आई ६२ वर्षांची, साखर १७ वर्षांपासून. तिचे सगळे रिपोर्ट मी साडीच्या एका पिशवीत जपलेत. परवा रात्री ते फरशीवर तारखेप्रमाणे मांडले. २०२१ ला क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा) १.२, २०२३ ला १.३, आता १.४. डॉक्टर म्हणाले, फारसं वाढलेलं नाही. पण याच काळात वजन ४९ वरून ४१ वर आलंय, हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत सरकतात. "मशीनवर जावं लागेल का गं?" असं भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता विचारते. आजार पुढे कसा जाईल हे रक्तावरून कळतं का? सिस्टॅटिन सी, किम-१ अशी तपासण्यांची नावं वाचली.

लॅबवाली:
ताई, पाटल्यांचं सांगितलंत ते बरं केलंत. मी १४ वर्षं लॅबमध्ये आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायू झडले की ते बनतंच कमी, मग किडनी मंदावली तरी आकडा फारसा हलत नाही. २०२१ साली आलेल्या सूत्राने, आताच्या १.४ वरून आईंचा ईजीएफआर (किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचा अंदाज) साधारण ४२ येतो, म्हणजे किडनीच्या आजाराच्या तिसऱ्या टप्प्याचा 'बी' भाग. खरा त्याहून कमीही असू शकेल. सिस्टॅटिन सी हे प्रथिन नुसते स्नायू नाही, तर शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशी बनवतात, त्यामुळे इतक्या बारीक माणसाला ती तपासणी जरूर करावी आणि दोन्ही आकडे मिळून ईजीएफआर काढावा. थायरॉइड किंवा स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर आधी सांगा, त्यानेही सिस्टॅटिन बदलतं. आणि वजन का उतरतंय, हे डॉक्टरांना वेगळं विचाराच.

भावासाठी:
नुसत्या रक्तावर थांबू नका, लघवीची एसीआर (क्रिएटिनिनच्या तुलनेत अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत किती जातंय ती तपासणी) हवीच. ३० च्या आत असेल तर चांगलं, ३०० च्या वर म्हणजे प्रथिनं बरीच वाहून जातायत. वय, स्त्री की पुरुष, ईजीएफआर आणि एसीआर, एवढ्यावरून २ आणि ५ वर्षांत डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ येण्याची शक्यता टक्क्यांत निघते. केएफआरई म्हणतात त्याला, २०११ मध्ये कॅनडातल्या रुग्णांवरून बांधलेलं सूत्र आहे. माझ्या भावाचा नुसता ईजीएफआर बघून आम्ही हाय खाल्ली होती. टक्के निघाले तेव्हा घरात पहिल्यांदा सगळे नीट जेवले. किम-१, टीएनएफ रिसेप्टर या रक्तातल्या खुणांवर मधुमेहींमध्ये चांगलं संशोधन चाललंय, पण आज त्यावरून कुणी औषध ठरवत नाही. ते पैसे एसीआर वेळच्या वेळी करण्यात घाला.

मिरजेची_लेक:
आत्ता पिशवी पुन्हा उपसली. एसीआर एकदाही केलेली नाही! दरवेळी नुसतं "अल्ब्युमिन ++", आकडा नाही. उद्याच नेते. उपाशीपोटी लागतं का?

लॅबवाली:
नाही. सकाळची पहिली लघवी आणा. ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर ती बरी होईपर्यंत थांबा, नाहीतर आकडा उगाच वाढलेला येतो. जास्त आली तरी घाबरू नका, तीन महिन्यांत पुन्हा करून खात्री करतात.