तिसरीतली मुलगी मी शेजारी बसल्याशिवाय अभ्यासच करत नाही

सांगलीची_आई: लेक तिसरीत, सेमी-इंग्रजी. पहिलीपासून रोज मी शेजारी बसते, चुकलं की तिथेच खोडायला लावते. वही एकदम स्वच्छ! पण मला बँकेतून यायला उशीर झाला की दप्तराची चेन उघडलेली नसते. विचारलं तर म्हणते, "तू नव्हतीस ना." पुढे स्कॉलरशिपची परीक्षा आहे, सगळं सोडून द्यायचा धीर होत नाही. नवरा म्हणतो, कर दुर्लक्ष. करू?

दोघांचा_बाबा: आमच्याकडे केलं दुर्लक्ष. थोरला मोबाइल घेऊन बसला. बाकी काही घडलं नाही.

झेडपी_बाई: दुर्लक्ष नको, पण खोडरबर आधी काढून घ्या, तुमच्या हातातला. 52 वजा 28 चं उत्तर मूल 36 लिहितं, तेव्हा मला कळतं की ते 8 मधून 2 वजा करतंय, म्हणजे दशक सुटा करायचं डोक्यात बसलेलं नाही. तुम्ही घरी 24 करून पाठवलंत की मला सगळं येतंय असं वाटतं आणि मी पुढे जाते. अशी मुलं फळ्यापाशी आली की उत्तर लिहायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघतात. बरोबर की चूक ते दुसऱ्यानं सांगायचं, ही सवय. मग एकटीनं दप्तर उघडायचं कशाला?

ग्रॉलनिक आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी 1989 साली अमेरिकेतल्या तिसरी ते सहावीच्या मुलांच्या पालकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. मुलांना स्वतः ठरवू देणाऱ्या पालकांची मुलं अभ्यास जास्त आपणहून करत होती. पण आईबाबांनी लक्ष घालणं वाईट, असं त्यातून निघालं नाही. उलट ज्या मुलांच्या आया जास्त लक्ष घालत, ती अभ्यासातही पुढे होती. तेव्हा वेळ ठरलेली असू दे, टीव्ही बंद असू दे. आधी गणित की आधी मराठी, ते तिला ठरवू दे. तुम्ही स्वयंपाकघरात थांबा. अडलं तर येईल.

दोघांचा_बाबा: आणि नाहीच आली तर?

झेडपी_बाई: तर गृहपाठ अपुरा जाईल. तिसरीत तो जाऊ द्यावा, आठवीत महाग पडतं.

सांगलीची_आई: पण आमच्या वर्गाच्या ग्रुपवर रोज पूर्ण झालेल्या पानाचा फोटो टाकावा लागतो. चुकांसकट टाकू? बाकीच्या आया बघतात हो!

झेडपी_बाई: ग्रुपवर नको, बाईंना वेगळा पाठवा. खाली लिहा, "स्वतः केलंय, वजाबाकीत अडतेय."