बरसीमचं बी घरी धरायचं तर माशी पाहिजे की पाणी?

धुऱ्यावरचा, आर्वी
दर ऑक्टोबरात बरसीमचं, म्हणजे जनावरांच्या हिरव्या घासाचं, बी विकत आणतो. कासनी या तणाचं बी सोबत फुकट येतं. मग मिठाच्या पाण्यात टाका, तरंगलेली कासनी काढा, धुवा, वाळवा, मग पेरा. वैतागून गेल्या साली पाच गुंठे बियाण्यासाठी सोडले. फेब्रुवारीअखेर शेवटची कापणी केली अन् पुढे विळा लावला नाही. मार्चअखेर वावर पांढऱ्या बोंड्यांनी भरलं. मळताना मात्र बोंडी चोळली की नुसता भुसा. पाणी, खत कशात कमी नव्हतं. कमी होत्या माश्या, कारण विहिरीवरच्या उंबराचं आग्यामोहोळ जानेवारीत कुणीतरी मधासाठी जाळलं. माझं मत स्पष्ट आहे: बी धरायचं असेल तर मधमाशीच्या पेट्या भाड्यानं आणायच्या.

वऱ्हाडी गोठा
कावून बापा? सोयाबीनले कोन पेट्या लावते? हरभऱ्याले? तुमच्या बोंड्या उन्हानं गेल्या. आपल्याइकडे एप्रिलात पारा चाळीसच्या वर जाते, फूल टिकन कसं?

धुऱ्यावरचा, आर्वी
ऊन नडतं, हे कबूल. पण सोयाबीन-हरभऱ्याचं फूल आतल्या आत फळतं, बरसीमचं तसं नाही. त्याला स्वतःचा पराग चालतो, पण पुंकेसर आणि कुक्षी खालच्या दोन पाकळ्यांच्या होडीत दडलेले असतात. माशी बसून होडी दाबली गेली की ते वर येतात. कुणी दाबलंच नाही तर बहुतेक फुलं तशीच सुकतात. बरसीमच्या चुलतबहिणीवर, पांढऱ्या क्लोव्हरवर, डार्विननं हे करून पाहिलं आणि १८५९च्या पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीत लिहिलं: उघड्या २० बोंड्यांत २,२९० बिया, माश्यांपासून झाकलेल्या २० बोंड्यांत एकही नाही.

रिकामा मास्तर
तोच डार्विन तिथंच सांगतो की तांबड्या क्लोव्हरला भुंगे लागतात. फुलाची नळी खोल, मधमाशीची जीभ पुरत नाही. न्यूझीलंडनं त्यासाठी १८८५मध्ये इंग्लंडहून केसाळ भुंगे नेले होते. आणि आपली लसूणघास घ्या. तिची होडी माशीच्या डोक्यावर फटका मारते, म्हणून मधमाशी हुशार होऊन बाजूनंच मध चोरते. तेव्हा घासवर्गाला पेटी लावली की बी भरलं, असं सरसकट बोलू नका.

धुऱ्यावरचा, आर्वी
सरसकट नाहीच बोललो, बरसीमपुरतंच बोललो. बरसीमवर मधमाशी काम करते. लसूणघासीचं तुमचं बरोबर.

झाडाखालचा
मोहोळ जाळू दिलं नसतं तर हा धागाच निघाला नसता.

पेटीवाली, काटोल
आग्याच्या भरवशावर राहू नका. ती पेटीत राहत नाही आणि हंगाम बदलला की उठून जाते. पेट्या माझ्याकडे आहेत, आंबिया बहारात संत्र्याच्या बागेत असतात. पण पाच गुंठ्यांसाठी मी गाडी काढणार नाही. माशी दोन-तीन किलोमीटर फिरते. त्या दिवसांत कडुनिंब फुललेला असतो, मोह असतो. तुमचे पाच गुंठे म्हणजे तिला तोंडी लावणं. एकरभर तरी एका जागी असावं, आणि दहातली एखादी बोंडी फुलल्यावरच पेटी आणावी. आधी आणली तर ती दुसऱ्याच फुलांना सरावते.
खरी भीती फवाऱ्याची. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. माशीला तर कुणी मोजतही नाही.

वऱ्हाडी गोठा
माया मुद्दा कोनीच घेत नाई. इहीर मार्चात तळाले लागते. त्या पाण्यावर घासाच्या अजून दोन कापन्या निघतात, म्हशी दूध देतात. बियाचे चार पैसे वाचवाले ढोराले नुसत्या कुटारावर ठेवू? ज्याइच्याकडे कॅनलचं पाणी आहे, त्याइनं बी पिकवावं. आपुन विकत घेऊ.

धुऱ्यावरचा, आर्वी
दुभत्याचं तुमचं गणित खोडता येत नाही. मार्चात विहीर आटणाऱ्यानं हा उद्योग करू नये, हे मी वर लिहायला हवं होतं. माझी विहीर मे गाठते, म्हणून मी बोलतो. गावात बरसीमवाले आणखी तिघं आहेत. पाण्याच्या बाजूला एकाच शिवारात मिळून एकर सोडायचं ठरतंय. काटोलवाल्या ताई, तेवढ्यावर गाडी काढाल?

पेटीवाली, काटोल
काढते. आधी शेजाऱ्याचं विचारा.

उत्तरेचा धुरा
शेजारी मीच. वांगी आहेत, औषध बंद होणार नाही. पण दिवस मावळल्यावर मारीन आणि आदल्या दिवशी फोन करीन. पेट्या मात्र माझ्या धुऱ्यावर नकोत, तोडणीला बाया असतात.

धुऱ्यावरचा, आर्वी
दक्षिणेला आंब्याखाली ठेवतो. माश्यांसाठी पाण्याचं घमेलं भरून ठेवीन, त्यात काड्या टाकून. फोन सकाळीच करा, ऐन वेळी नको.