पासवर्ड बदलल्यापासून खातं सारखं लॉक होतंय, मदत हवी आहे

टेबल_नंबर_नऊ:
सोमवारी पासवर्ड बदलला. तेव्हापासून रोज खातं लॉक होतंय. हेल्पडेस्क म्हणतो, पोर्टलवर तिकीट टाका. पोर्टलला लॉगिन लागतं आणि लॉगिनच तर लॉक आहे! शेवटी शेजारच्याच्या खात्यातून तिकीट टाकलं, तर त्याचंच खातं अनलॉक करून 'समस्या सुटली' म्हणून तिकीट बंद केलं. काय करू? लवकर सांगा.

जुनी_चावी:
विंडोजचं खातं की मेलचं? घरून काम करता का? आम्हाला ज्योतिष येत नाही हो.

टेबल_नंबर_नऊ:
दोन्हीला एकच आहे. ऑफिसचा डेस्कटॉप. रीस्टार्ट करून झालंय, कॅप्स लॉक बघितलाय, तेवढं सांगू नका.

पेंग्विनप्रेमी:
विंडोज काढून लिनक्स टाका, सुखी व्हा.

जुनी_चावी:
@पेंग्विनप्रेमी, त्यांना साधा वॉलपेपर बदलायची परवानगी नसेल आणि तुम्ही लिनक्स टाकायला सांगताय.

लॉगबहाद्दर:
कुठेतरी जुना पासवर्ड साठवलेला आहे आणि तोच परत परत पाठवला जातोय, चुकीचे प्रयत्न मोजून सर्व्हर खातं लॉक करतोय. क्रेडेन्शियल मॅनेजर (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा), मॅप केलेला म्हणजे नेटवर्कवरून जोडलेला ड्राइव्ह, दुसऱ्या मशीनवर लांबून लॉगिन करून अर्धवट सोडलेलं रिमोट सेशन, हे तपासा. हेल्पडेस्कला म्हणावं, डोमेन कंट्रोलरच्या (ऑफिसची सगळी लॉगिन तपासणारा सर्व्हर) सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० क्रमांकाचा इव्हेंट, म्हणजे खातं लॉक झाल्याची नोंद, बघा. कुठून लॉक झालं त्या मशीनचं नाव त्यात असतं.

अर्धा_गिगाबाइट:
पण जुन्या पासवर्डने खातं लॉक होत नाही. सर्व्हर तो प्रयत्न मोजत नाही.

लॉगबहाद्दर:
लगेच मागचे एक-दोन पासवर्ड असतील तर मोजत नाही. त्याहून जुना आला की मोजतो. अर्धंच वाचलंत.

नियमभंग:
मुळात दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावणंच चूक. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने २०१७ साली हे लिहून ठेवलं, २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या आपल्या सुरक्षा शिफारशींतून मुदतीची अट काढली. आमच्याकडे अजून चालूच. लोक शेवटचा आकडा वाढवतात आणि चिठ्ठी कीबोर्डखाली चिकटवतात.

कागद_अडकला:
प्रिंटर ऑफलाइन दिसत असेल तर प्रिंट स्पूलर सर्व्हिस बंद करून परत चालू करा. माझं झालं.

जुनी_चावी:
प्रिंटरचं कुणी विचारलंय का?

टेबल_नंबर_नऊ:
क्रेडेन्शियल मॅनेजर रिकामा केला, फरक नाही. हेल्पडेस्कमधल्या एका भल्या माणसाने तो ४७४० बघितला, त्यात म्हणे मेल सर्व्हरचं नाव आहे. आणि हो, हे दुपारी तीननंतरच होतं, सकाळी नाही.

लॉगबहाद्दर:
हे पहिल्याच प्रतिसादात सांगितलं असतंत तर! मेल सर्व्हर म्हणजे बहुतेक फोन, साठवलेल्या जुन्या पासवर्डने मेल आणायला बघत असणार.

टेबल_नंबर_नऊ:
फोनमध्ये सोमवारीच बदललाय. मूर्ख नाही मी.

लॉगबहाद्दर:
दुसरा एखादा फोन? टॅब?

टेबल_नंबर_नऊ:
...जुना फोन ड्रॉवरमध्ये पडून होता. रविवारी चार्ज करून मुलीला गेम खेळायला दिला. ती तीनला शाळेतून येते.

नियमभंग:
ऑफिसचा मेल मुलीच्या हातात? धन्य आहात.

टेबल_नंबर_नऊ:
मेल काढून टाकायला फोन हातात घेतला. तिने नवीन पॅटर्न लावलाय आणि सांगत नाहीये. यावर काही उपाय?

कागद_अडकला:
रीस्टार्ट करून बघा.